खिडकी वाढवण्याआधी सांधे तपासा: रुग्णालयातील सिस्टिम्स इंजिनिअरिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या वाहन उद्योगात काही वर्षे सिस्टिम्स इंजिनिअर म्हणून काम केल्यावर तुम्ही आता एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात ऑपरेशन्सची जबाबदारी घेतली आहे. ओपीडीत लोकांना दोन-दोन तास बसावे लागते, डिस्चार्ज हातात पडेपर्यंत संध्याकाळ होते, आणि यावर उपाय म्हणून नोंदणीची आणखी एक खिडकी उघडावी असे व्यवस्थापनाचे मत आहे. गाडी बनवताना वापरलेली रिक्वायरमेंट (व्यवस्थेने काय करायला हवे याची यादी), इंटरफेस (दोन भागांमधला सांधा), व्ही-मॉडेल (गरजांपासून तपशिलापर्यंत उतरून मग पायरीपायरीने तपासत वर येण्याची पद्धत), पडताळणी ही साधने इथे चालतील का, आणि चालणार असतील तर सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे.

साधने चालतात. मीही वाहन उद्योगातूनच या क्षेत्रात आलो आणि आता रुग्णालये व निदान केंद्रे यांच्या कामाची मांडणी हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे हे अनुभवाने सांगू शकतो. मात्र तुमच्या प्रश्नाची मांडणी मी थोडी बदलेन. कोणते साधन वापरायचे हे पुढचे. आपण नेमकी कोणती व्यवस्था दुरुस्त करत आहोत आणि तिची हद्द कुठे सुरू होऊन कुठे संपते, हे तुमच्या रुग्णालयात अजून कोणी ठरवलेले नसावे, आणि खरी अडचण तीच आहे. नोंदणीवाले सांगतील की आमच्याकडे माणूस फार वेळ उभा राहत नाही, प्रयोगशाळा सांगेल की आमचे रिपोर्ट वेळेत जातात, बिलिंगवाले सांगतील की फाइल आली की आम्ही बिल लगेच काढतो. हे सगळे बहुधा खरेच असते. रुग्णाचा वेळ जातो तो एका विभागाने काम संपवल्यापासून दुसऱ्याने ते हाती घेईपर्यंतच्या मधल्या जागेत, आणि त्या जागेला, म्हणजे दोन विभागांमधल्या सांध्याला, कोणी मालक नसतो.

हद्दीचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे हे पासपोर्टच्या उदाहरणावरून लक्षात येईल. पासपोर्ट सेवा केंद्रात ए, बी आणि सी असे टप्पे आहेत: पहिल्या टप्प्यावर खासगी भागीदार कंपनीचे कर्मचारी कागदपत्रे, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतात, पुढच्या दोन टप्प्यांवर सरकारी अधिकारी पडताळणी करून मंजुरी देतात. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे आणि पूर्वीच्या कार्यालयांच्या तुलनेत केंद्रातला वेळ तिने खूपच कमी केला. परंतु अर्जदाराच्या दृष्टीने पासपोर्ट घरी येतो तेव्हा काम संपते, आणि अनेक अर्जांमध्ये त्याआधी राज्याच्या पोलिसांकडून पडताळणी व्हावी लागते. व्यवस्थेची हद्द केंद्राच्या दारापाशी आखली तर केंद्र उत्तम चालले आहे असे दिसते, आणि ती अर्जदाराच्या घरापाशी आखली तर पोलिस ठाण्याशी असलेला सांधा हाच कामाचा मुख्य विषय होतो. तुमच्या रुग्णालयातही ‘ओपीडीचा वेळ’ म्हणजे केसपेपर निघाल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंतचा, की दारातून आत आल्यापासून औषध घेऊन बाहेर पडेपर्यंतचा, हे आधी लिहून घ्या आणि त्यावर वैद्यकीय संचालकांची सही घ्या. सहीशिवाय पुढे गेलात तर दर बैठकीत व्याख्या बदलेल.

आता वाहन उद्योग आणि सेवा यांच्यातला फरक. कारखान्यात ठरलेल्या मापाचा सुटा भाग ठरलेल्या वेळी येतो, आणि त्याचे माप चुकलेले असेल तर आपण तो परत पाठवतो. सेवेत ग्राहक स्वतःच व्यवस्थेच्या आत येतो आणि आपली सारी विविधता बरोबर आणतो. एकाला फक्त टाके दाखवायचे असतात, दुसरा जुने रिपोर्ट घरी विसरलेला असतो, तिसऱ्या आजींना ऐकू कमी येते आणि त्यांचा मुलगा गाडी लावायला गेलेला असतो. यापैकी कोणालाही परत पाठवता येत नाही, आणि पाठवूही नये. दुसरा फरक असा की सेवा साठवून ठेवता येत नाही. डॉक्टरांचा सकाळी दहाचा रिकामा गेलेला वेळ दुपारी एकला वापरता येत नाही, म्हणून कारखान्यात जिथे मालाचा साठा दिसतो तिथे रुग्णालयात बाकांवर बसलेली माणसे दिसतात.

ही माणसे मोजण्यापासूनच सुरुवात करा. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम अगदी साधा आहे: व्यवस्थेत सरासरी असलेली माणसे म्हणजे दर तासाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा आत गेलेला सरासरी वेळ. तुमच्या हॉलमध्ये सरासरी 60 रुग्ण असतील आणि तासाला 30 जण तपासून बाहेर पडत असतील, तर प्रत्येकाचे दोन तास जाणारच. नव्या खिडकीमुळे 60 हा आकडाही कमी होत नाही आणि 30 हा वेगही वाढत नाही, कारण वेग डॉक्टरांच्या खोलीत ठरतो. खिडकीसमोर उभी असलेली माणसे आत बाकांवर येऊन बसतील, एवढाच बदल दिसेल. नोंदणी हाच खरोखर अडथळा असेल तर गोष्ट वेगळी. पण ते तपासण्याची खूण सोपी आहे. नोंदणीपुढे रांग असताना डॉक्टर रिकामे बसलेले दिसतात का, ते पाहा. दिसत नसतील तर खिडकीचा खर्च करू नका.

यापुढचा मुद्दा व्यवस्थापनाला पटवणे सर्वांत कठीण जाते, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ देतो. डॉक्टरांचा एकही मिनिट वाया जाऊ नये, हे बहुतेक रुग्णालयांचे न लिहिलेले उद्दिष्ट असते. समजा एक डॉक्टर रुग्णाला सरासरी सहा मिनिटे देतात, रुग्ण अनियमित अंतराने येतात आणि तपासणीचा वेळही बराच कमी-जास्त होतो. रांगशास्त्राच्या सर्वांत साध्या सूत्रानुसार डॉक्टर 80 टक्के वेळ व्यग्र असतील तर सरासरी प्रतीक्षा तपासणीच्या चौपट म्हणजे 24 मिनिटे होते, 90 टक्क्यांवर ती नऊपट म्हणजे 54 मिनिटे होते, आणि 95 टक्क्यांवर 19 पट, म्हणजे जवळजवळ दोन तास. चार तासांच्या ओपीडीला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, कारण रांग इतकी वाढायच्या आत सत्रच संपते आणि काही रुग्ण वेळ घेऊन आलेले असतात. पण व्यग्रता वाढते तशी प्रतीक्षा झपाट्याने चढते, हा वक्राचा आकार तोच राहतो. शेवटच्या पाच-दहा टक्के व्यग्रतेसाठी रुग्णांचे तास खर्ची पडतात. डबेवाल्यांचे उदाहरण सगळेच देतात, त्यातली एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते: त्यांच्या गटांमध्ये नेहमीच्या कामापेक्षा काही माणसे जादा ठेवलेली असतात, म्हणून कोणी आजारी पडला किंवा लोकल रखडली तरी डबा पोचतो. ही मोकळीक म्हणजे उधळपट्टी नव्हे, वेळेवर पोचण्याच्या वचनाची ती किंमत आहे, आणि ती किती मोजायची हे व्यवस्थापनाने उघडपणे ठरवायला हवे.

अपॉइंटमेंटबाबत एक जुना अभ्यास अजूनही उपयोगी आहे. नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञांनी 1952 मध्ये ब्रिटनमधील रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील रांगांचा अभ्यास करून सुचवले की सत्राच्या सुरुवातीला दोन रुग्णांना एकदम बोलवावे आणि पुढच्या प्रत्येकाला तपासणीच्या सरासरी वेळेइतक्या अंतराने बोलवावे. पहिला रुग्ण आला नाही तरी डॉक्टर रिकामे राहत नाहीत आणि हॉलही भरून जात नाही. आपल्याकडे यात एक भर घालावी लागते, कारण उशिराने सुरू होणारे बहुधा डॉक्टर असतात. दहाची ओपीडी शस्त्रक्रिया लांबल्याने दहा चाळीसला सुरू झाली आणि वेळापत्रकात कुठेही मोकळी जागा नसली, तर ती 40 मिनिटे दुपारी दीडच्या रुग्णापर्यंत जशीच्या तशी पोचतात. मी सत्राच्या मध्ये दोन जागा मुद्दाम कोऱ्या ठेवायला सांगतो. उशीर झाला नाही तर त्या जागी न सांगता आलेले रुग्ण पाहता येतात.

एकच सामाईक रांग करून उपलब्ध असेल त्या डॉक्टरांकडे पाठवणे हा गणिताच्या दृष्टीने फार मोठा फायदा आहे. दोन डॉक्टर असतील आणि दोघेही 80 टक्के व्यग्र असतील तर वेगळ्या रांगांत तपासणीच्या चौपट थांबावे लागते, सामाईक रांगेत ते पावणेदोन पटींच्या आसपास येते. परंतु रुग्णाला त्याचे डॉक्टर हवे असतात आणि उपचारातील सातत्यासाठी ते योग्यही असते. म्हणून हा उपाय रक्त घेणे, ईसीजी, ड्रेसिंग, बिल भरणे अशा कामांसाठी वापरा आणि तज्ज्ञांच्या तपासणीत त्याचा हट्ट धरू नका.

डॉक्टरांचा वेळ वाढवता येत नसला तरी त्यातले डॉक्टरांखेरीज दुसरे कोणी करू शकेल असे काम बाहेर काढता येते. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय 1976 मध्ये अवघ्या 11 खाटांवर सुरू झाले आणि पुढे जगभर अभ्यासले गेले, ते या मांडणीमुळे. तिथे शल्यविशारदासाठी दोन टेबले शेजारी असतात. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना प्रशिक्षित परिचारिका दुसऱ्याला तयार करतात, आणि सूक्ष्मदर्शक तेवढा फिरवून डॉक्टर पुढच्या डोळ्याकडे वळतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बरीचशी सारखी असते म्हणून हे तिथे इतके चांगले बसले. मेडिसिनच्या ओपीडीत ते त्याच प्रमाणात बसणार नाही, पण वजन, रक्तदाब, चालू औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट क्रमाने लावणे एवढे जरी आधीच्या टेबलावर झाले तरी डॉक्टरांच्या सहा मिनिटांतली बरीचशी खऱ्या तपासणीला मिळतात.

आता डिस्चार्जकडे येतो, कारण तुमच्या जागी मी ओपीडीआधी हेच काम हाती घेतले असते. एका रुग्णालयात आम्ही रुग्णाच्या फाइलबरोबर सकाळपासून चाललो. साडेनऊच्या राउंडला सर म्हणाले, “आज घरी जा.” नातेवाइकांनी लगेच पिशव्या भरायला घेतल्या, कोणीतरी गाडी मागवली. निवासी डॉक्टर मात्र सरांबरोबर पुढच्या वॉर्डात गेले. राउंड संपल्यावर त्यांनी डिस्चार्ज समरी, म्हणजे उपचारांचे सारांश, लिहायला घेतल्या तेव्हा त्यांच्यापुढे अशा अनेक फाइली होत्या. समरी झाली तर सर ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे सही नाही. इकडे सिस्टरनी उरलेली औषधे मोजून फार्मसीला परत पाठवली, पण परतीची नोंद व्हायला ट्रॉली नेणाऱ्या मामांची दुसरी फेरी यावी लागली. फिजिओथेरपीच्या भेटींची नोंद राहिली होती म्हणून बिल अडले. शेवटी फाइल टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी मध्यस्थ कंपनी) डेस्कवर गेली आणि विमा कंपनीकडून शंका आली की इम्प्लांटचा स्टिकर जोडलेला नाही. तो स्टिकर थिएटरच्या रजिस्टरला चिकटवलेला होता, फाइलला नव्हे. या सगळ्यात प्रत्यक्ष हात लागण्याचे काम जेमतेम तासाभराचे असेल. बाकी सगळा वेळ फाइल कोणाच्या तरी टेबलावर पडून होती.

इथे तुमचा इंटरफेसचा अनुभव थेट कामी येतो. प्रत्येक सांध्यासाठी एकच पान लिहा: कोण देतो, कोण घेतो, नेमके काय दिले जाते, किती वाजेपर्यंत, आणि अपुरे आले तर घेणाऱ्याने काय करायचे. आमच्या बाबतीत त्यातून निघालेले बदल खर्चाचे नव्हते. उद्याच्या संभाव्य डिस्चार्जची यादी आदल्या संध्याकाळी ठरू लागली, समरीचा मसुदा रात्रपाळीतच तयार होऊ लागला, त्या रुग्णांची औषधे एका दिवसापुरतीच मागवल्याने परतीचा ढीग कमी झाला, आणि इम्प्लांटचा दुसरा स्टिकर थिएटरमध्येच फाइलला लागू लागला. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांच्या आत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे. हे घड्याळ विनंती पूर्ण कागदांनिशी गेल्यावर आपल्या बाजूने चालू लागते, म्हणून विमा कंपनीशी भांडण्यापेक्षा विनंती दुपारी दोनऐवजी सकाळी दहाला कशी जाईल यावर ताकद लावावी. खाट दुपारी मोकळी झाली तर आपत्कालीन विभागात ताटकळणारा रुग्ण वर जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेचा रुग्ण वेळेत दाखल होतो. ओपीडीतील सुधारणेचा असा दूरवर परिणाम होत नाही, म्हणून डिस्चार्ज आधी.

मोजमापाबाबत एक सावधगिरी. रुग्णालयांच्या गुणवत्तेसाठीच्या एनएबीएच मानांकनात ओपीडीची प्रतीक्षा आणि डिस्चार्जला लागणारा वेळ हे दोन्ही निर्देशांक आहेत, त्यामुळे ते मानांकन असेल तर तुमच्याकडे आकडे असतीलच. मात्र घड्याळ कोणत्या क्षणी सुरू केले जाते ते वॉर्डात जाऊन पाहा. फाइल बिलिंगला पोचल्यापासून वेळ मोजत असतील तर कागद पूर्ण होईपर्यंत फाइल वॉर्डातच थांबवली जाते, आकडा सुंदर दिसतो आणि रुग्ण तिथेच बसलेला असतो. रुग्णाला “घरी जा” असे सांगितले तो क्षण हीच सुरुवात धरा.

व्ही-मॉडेलमधली डावी बाजू, म्हणजे गरजांपासून तपशिलापर्यंत उतरणे, इथे हलक्या हाताने घ्यावी. शेकडो रिक्वायरमेंटची कागदपत्रे रुग्णालयात कोणी वाचत नाही. रुग्ण, डॉक्टर, सिस्टर, विमा कंपनी आणि व्यवस्थापन यांच्या मिळून डझनभर गरजा, प्रत्येकीपुढे ती पूर्ण झाली हे कसे ओळखायचे याची एक ओळ, एवढे पुरते. उजवी बाजू, म्हणजे केलेले काम गरजेशी ताडून पाहणे, मात्र गाडीपेक्षा जास्त कठोरपणे पाळावी, कारण इथे चाचणीचा ट्रॅक नसतो. कोणताही बदल एका वॉर्डात, सोमवारच्या गर्दीसह आणि रात्रपाळीसह, चालवून पाहिल्याशिवाय सगळीकडे लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 मधील शस्त्रक्रिया सुरक्षा यादी हे याचे चांगले उदाहरण आहे. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी तपासायच्या 19 बाबींची ती एका पानाची यादी आहे. आठ शहरांतील रुग्णालयांच्या 2009 च्या अभ्यासात ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. कॅनडातील ओंटारियो प्रांतात तीच कल्पना शंभराहून अधिक रुग्णालयांत राबवली गेली, तेव्हा 2014 च्या अभ्यासात लक्षणीय फरक आढळला नाही. कागद दोन्हीकडे बऱ्याच अंशी सारखाच होता. तो थिएटरमध्ये खरोखर मोठ्याने वाचला जातो, की शस्त्रक्रिया संपल्यावर नुसत्या खुणा केल्या जातात, यावर सगळे अवलंबून असते, आणि हे टेबलावर बसून कळत नाही.

बदल-नियंत्रणाची तुमची सवयही सोडू नका. वॉर्डाच्या ड्रॉवरमध्ये संमतिपत्राच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या झेरॉक्स मी पाहिल्या आहेत, आणि औषधांच्या मागणीचा नियम बदलल्याचे फक्त व्हॉट्सॲपच्या गटावर कळवलेले असल्याने रजेवरून परतलेल्या सिस्टर जुन्याच पद्धतीने काम करताना पाहिल्या आहेत. फॉर्मवर तारीख आणि आवृत्ती, जुन्या प्रती उचलून आणण्याची एका माणसाची जबाबदारी, आणि पाळी बदलताना दोन मिनिटांची सूचना, एवढी शिस्त पुरते.

माणसांविषयी एकच सांगतो. घड्याळ घेऊन सिस्टरच्या मागे उभे राहू नका. त्यांनी काढलेल्या पळवाटा, म्हणजे जादा सिरिंजचा लपवलेला डबा किंवा प्रयोगशाळेत स्वतः फोन करून घेतलेला रिपोर्ट, या शिस्तभंग म्हणून नोंदवायच्या नसतात. व्यवस्था कुठे तुटली आहे हे त्यांतूनच सर्वांत अचूक कळते.

बरेच काही तुमच्या परिस्थितीवर ठरेल. सल्लागार डॉक्टर पूर्णवेळ नसून दोन-तीन रुग्णालयांत जाणारे असतील तर अपॉइंटमेंटचे वेळापत्रक तुमच्या हातात फारसे नसते, आणि तिथे वेळेवर येणाऱ्या एका डॉक्टरांबरोबर प्रयोग करून तो इतरांना दाखवणे हाच मार्ग उरतो. कॅशलेस रुग्णांचे प्रमाण कमी असेल तर डिस्चार्जमधला अडथळा टीपीएपाशी नसून समरी आणि औषध-परतीपाशी सापडेल. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचे असेल तर गरीब रुग्णांसाठीच्या सवलतीची मंजुरी हा आणखी एक सांधा असतो, तोही नकाशात घ्या.

व्यवस्थापनाच्या पुढच्या बैठकीआधी दोन आठवडे तीनच गोष्टी नोंदवा: दर अर्ध्या तासाला ओपीडीत आलेले आणि बाहेर पडलेले रुग्ण, प्रत्येक डॉक्टरांची जाहीर वेळ आणि पहिला रुग्ण आत गेल्याची वेळ, आणि डिस्चार्जच्या प्रत्येक फाइलवर ती कोणाकडे किती वाजता आली व किती वाजता गेली याची चिठ्ठी. त्यांपैकी पहिले दोन तक्ते नव्या खिडकीचा निर्णय करतील, आणि चिठ्ठ्यांवरून कोणत्या सांध्यावर आधी पान लिहायचे ते तुम्हाला दिसेल. आकडे आल्यावर इथेच टाकलेत तर त्यावर पुढे नेमके बोलता येईल.